अटबाई, तुझं काम एवढंच होतं

जामिनाच्या आदेशात शेवटी येऊन बसणाऱ्या अटबाईस,

पत्राच्या मायन्यात मान द्यायची आपल्याकडं रीत आहे. ती मी मोडते आहे, कारण तुला ‘आदरणीय’ म्हणायला जीभ रेटत नाही. लोक न्यायाधीशांना जाब विचारतात, पोलिसांना विचारतात, वकिलांना तर येताजाता विचारतात. तू मात्र आदेशाच्या तळाशी, ‘खालील अटींवर’ असं लिहिलेलं असतं त्याच्या खाली, अ, ब, क करत बसलेली असतेस. जामीन झाला की नाही एवढंच बघून सगळे निघून जातात. तुझ्यापर्यंत कुणी वाचतच नाही. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं, आणि चारचौघांत.

आधी तुझी नेमणूक कशासाठी झाली ते ऐक. माणसावर आरोप आहे, गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. तोवर त्यानं पळून जाऊ नये, तारखेला हजर राहावं, साक्षीदारांना धमकावू नये, पुराव्याला हात लावू नये, पुन्हा तसलाच गुन्हा करू नये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये हेच होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही हेच आहे. दावं असतं ते जनावर पळू नये म्हणून. त्यानं गळा आवळायचा नसतो. तुझं कामही तेवढंच होतं.

पण त्याच कलमाच्या शेवटी कायद्यानं एक फट ठेवली: न्यायाच्या हितासाठी न्यायालयाला योग्य वाटतील अशा इतर अटी. त्या फटीतून तू काय काय आत आणलंस! उपदेश आणलास, वर्गणी आणलीस, पाळत आणलीस, सणवारसुद्धा आणलेस. या ‘इतर’ अटींचा अर्थ मोकळा सोडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये बजावलं होतं. तू ते ऐकलं नाहीस, हे पुढच्याच काही वर्षांत दिसलं.

तुझ्या करणीचा सगळ्यांत लाजिरवाणा नमुना मध्य प्रदेशातला आहे. २० एप्रिल २०२०. देशात टाळेबंदी होती, माणसं घरात अडकलेली होती. अशात शेजारचा माणूस घरात घुसला आणि त्यानं अंगलट केली, अशी एका बाईनं फिर्याद दिली. त्याचा जामीनअर्ज मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढं आला. ३० जुलैला जामीन मंजूर झाला आणि खाली तू उतरलीस. ३ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. त्या दिवशी सकाळी ११ वाजता आरोपीनं आपल्या बायकोला घेऊन फिर्यादी बाईच्या घरी जायचं. बरोबर राखी आणि मिठाईचा डबा न्यायचा. तिनं राखी बांधावी अशी विनंती करायची, यापुढं तिचं रक्षण करीन असं वचन द्यायचं. ओवाळणी म्हणून ११,००० रुपये घालायचे, तिचे आशीर्वाद घ्यायचे. तिच्या मुलाला कपडे आणि मिठाईसाठी ५,००० रुपये वेगळे. आणि या सगळ्याचे फोटो आणि पैसे दिल्याच्या पावत्या न्यायालयात दाखल करायच्या.

फोटो! त्या फोटोत ती बाई कुठल्या चेहऱ्यानं उभी राहणार होती, याचा तू क्षणभर तरी विचार केलास का? ज्या उंबऱ्यातून तो घुसला अशी तिची तक्रार, त्याच उंबऱ्यावर तू त्याला परत उभं केलंस, आणि या वेळी न्यायालयाच्या हुकमानं. तिनं दार लावून घेतलं असतं तर? तो बिचारा राखी घेऊन आला, बायकोला घेऊन आला, कोर्टानं सांगितलं म्हणून पाया पडायला आला, आणि हिचाच ताठा बघा, असं बोललं गेलं असतं. तिनं राखी बांधली असती तर उलटतपासणीत वकिलानं तोच फोटो तिच्यापुढं धरला असता. तिची साक्ष अजून व्हायची होती. साक्षीदारावर दबाव येऊ नये म्हणून ज्या अटीला कायद्यानं जन्म दिला, तीच दबाव घेऊन तिच्या दारात गेली.

त्या आदेशाला आव्हान फिर्यादीनं दिलं नाही, राज्य सरकारनंही दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या वकील अपर्णा भट आणि त्यांच्यासोबत आणखी आठ वकील महिला, अशा नऊ जणी उठल्या आणि गेल्या. १८ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी तुला आदेशातून काढून टाकलं. विनयभंगाच्या आरोपीला न्यायालयाच्या हुकमानं भाऊ बनवणं अजिबात खपवून घेतलं जाणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आरोपी आणि फिर्यादी यांची गाठ घालून देणारी अट कधीही घालायची नाही. तडजोड करा, लग्न करा असं न्यायालयानं सुचवायचंसुद्धा नाही. बाईनं कसं वागावं याबद्दलच्या बुरसटलेल्या समजुती आदेशात येऊ द्यायच्या नाहीत. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. चांगलं झालं. पण राखीपौर्णिमा होऊन तोवर साडेसात महिने उलटले होते.

बाकीचे तुझे प्रताप भरभर सांगते, कारण ते सांगतानाही शरम वाटते. रांचीत जुलै २०१९ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून एका विद्यार्थिनीला अटक झाली, तेव्हा तू तिला कुराणाच्या ५ प्रती वाटायला सांगितलंस. आरडाओरडा झाला तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांनीच तुला मागं घेतलं. एप्रिल २०२० मध्ये झारखंड उच्च न्यायालयात तू एका माजी खासदारासह सहा जणांना ‘पीएम केअर्स’मध्ये प्रत्येकी ३५,००० रुपये भरायला लावलेस, वर आरोग्य सेतू ॲप फोनमध्ये घ्यायला सांगितलंस. सप्टेंबर २०२१ मध्ये बिहारच्या झंझारपूरला तर कहर झाला. बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप असलेल्या, धोबीकाम करणाऱ्या एका तरुणानं गावातल्या झाडून सगळ्या बायकांचे कपडे ६ महिने फुकट धुऊन इस्त्री करून द्यावेत, अशी तू फर्मावणी केलीस. बायकांबद्दल त्याला आदर वाटावा म्हणून! आपले कपडे या माणसाच्या हातात द्यायचे आहेत का, हे त्या गावातल्या एका तरी बाईला विचारलं होतं? आणि जातीनं ठरवून दिलेलं काम शिक्षा म्हणून वाढवून देताना तुला काहीच खटकलं नाही? पाटणा उच्च न्यायालयानं त्या न्यायाधीशांचं न्यायदानाचं काम थांबवलं. तुला मात्र कुणी निलंबित करत नाही. तू दुसऱ्या गावात, दुसऱ्या आदेशात, नव्या लुगड्यात हजर असतेस.

आमच्या पुण्यातही येऊन गेलीस. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीनं मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघंही तरुण, दोघंही सॉफ्टवेअर इंजिनीअर, दोघंही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले, आणि दोघंही गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाकडून त्याला जामीन मिळाला आणि आदेशात तू होतीस: रस्ते अपघातांचे परिणाम आणि त्यावरचे उपाय या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिही.

लोकांचा राग जामिनावर निघाला. माझा राग तुझ्यावर आहे आणि तो का आहे ते नीट सांगते. अल्पवयीन मुलाला जामीन मिळणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम १२ नुसार नियम आहे, नाकारणं हा अपवाद. तो नियम श्रीमंताच्या मुलाला वेगळा आणि झोपडपट्टीतल्या मुलाला वेगळा असू नये, एवढंच माझं मागणं. त्यामुळं मुलगा घरी गेला याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण दोन माणसं मेलेली असताना, त्यांचे आईबाप शेकडो मैलांवरून पोरांची प्रेतं न्यायला निघालेले असताना, तुला सुचला तो निबंध! शाळेत गृहपाठ राहिला तर मास्तर देतात तसला. मुलाला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवायची सोय त्याच कलमात होती. घरच्यांनी पुराव्याच्या आसपास फिरकू नये अशी ताकीद देता आली असती. त्याच दिवशी ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे आणि त्या आरोपावरून तिथल्या डॉक्टरांना अटकही झाली. पुरावा शाबूत राहील हे बघणं हीच तर तुझी नोकरी. रक्ताच्या बाटलीकडं बघायचं सोडून तू शब्द मोजत बसलीस.

पुढं जे झालं तेही तुझ्याच पायी झालं. महाराष्ट्रभर संताप उसळला, आणि तीन दिवसांत मंडळानं त्या मुलाला निरीक्षणगृहात धाडलं. आधी दिलेला जामीन मात्र रद्द केलाच नाही. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे आणि न्यायमूर्ती मंजूषा देशपांडे यांच्या खंडपीठानं त्याला सोडायला सांगितलं आणि आत्याच्या ताब्यात दिलं. जामीन कायम असताना कोंडून ठेवता येत नाही, लोक चिडलेत म्हणून कायदा बाजूला ठेवता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. माझ्या ओळखीतले कितीतरी जण त्या दिवशी उच्च न्यायालयावर चिडले. मला तो निकाल बरोबर वाटला आणि आजही वाटतो. पण एका पोरकट अटीपायी आधी लोकांचा न्यायावरचा विश्वास उडाला, मग लोकांना शांत करायला बेकायदा कोठडी झाली, आणि शेवटी ती मोडताना उच्च न्यायालयाला वाईटपणा घ्यावा लागला. त्या मंडळाच्या दोन सदस्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं काढून टाकलं. ३०० शब्दांची किंमत एवढी मोठी झाली, आणि त्यात ज्यांची मुलं गेली त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही.

तुझी आणखी एक खोड नव्या जमान्यातली आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये जामीन दिला. खटला उभा राहायच्या आधीच त्यांची जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात गेली होती. तिथं तू अशी आलीस: महाराष्ट्र सोडायचा नाही, प्रत्येकी एकच मोबाइल वापरायचा, त्याचं लोकेशन चोवीस तास चालू ठेवायचं आणि तो फोन राष्ट्रीय तपास संस्थेच्या अधिकाऱ्याच्या फोनशी जोडून ठेवायचा. माणूस संडासला गेला तरी अधिकाऱ्याला कळलं पाहिजे! मग जवळजवळ वर्षभरानं, ८ जुलै २०२४ रोजी, अमली पदार्थांच्या एका खटल्यातल्या परदेशी आरोपीच्या अर्जावर त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानं तुझी ही खोड मोडली. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येईल अशी अट घालता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या खटल्यात आरोपीनं गूगल नकाशावर आपली पिन टाकावी अशी अट होती. न्यायालयानं गूगललाच विचारलं, तेव्हा कळलं की नुसती पिन टाकल्यानं माणूस त्या घडीला कुठं आहे हे कळतच नाही. म्हणजे तू माणसाचं खासगीपण हिरावून घेतलंस आणि पोलिसांच्या हातीही काही लागू दिलं नाहीस. दोन्हीकडून नुकसान करायला एक विशेष प्रकारचा निष्काळजीपणा लागतो आणि तो तुझ्याकडं भरपूर आहे.

हे झालं गाजलेल्या खटल्यांचं. यांच्यामागं वकील होते, वर्तमानपत्रं होती. तुझं खरं पाप मात्र ज्यांच्याबद्दल कुणीच लिहीत नाही त्यांच्यावर आहे, आणि तिथं तुझं नाव अगदी साधं आहे: ‘एक सक्षम स्थानिक जामीनदार’.

मोतीराम प्रकरण तुला आठवत असेल. मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला आणि रक्कम ठरवायचं खालच्या न्यायालयावर सोडलं. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीन मागितला. गवंड्याला, १९७० च्या दशकात! त्याचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्यालाही नाकारलं. मोतीराम परत सर्वोच्च न्यायालयाच्या दारात. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं, आणि गरिबाला न परवडणारी रक्कम आणि जिल्ह्याबाहेरचा माणूस चालणार नाही हा हट्ट, दोन्हींवर कडक शब्दांत लिहिलं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेला जामीनही तू एका जिल्ह्याच्या ठिकाणी अडवून धरू शकलीस.

त्यानंतर ४५ वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ रोजी, न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती ओक यांना पुन्हा तेच लिहावं लागलं: स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळं सुटका लांबते, अशी अट घालू नये. त्याच्या दोन महिने आधी, संविधान दिनाच्या भाषणात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांचा विषय काढला होता. न्यायालयापुढं आलेली माहिती अशी होती की जामीन मंजूर झालेले सुमारे ५,००० कच्चे कैदी तरीही आतच होते. त्यांतल्या २,३५७ जणांना कायदेशीर मदत मिळाली आणि १,४१७ सुटले. जामीन मंजूर, माणूस आत! हे तुझ्याशिवाय कुणाला साधतं?

ते कसं होतं, हे जवळून बघायचं असेल तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयाच्या आवारात ये. जामीनदाराकडं काय काय लागतं? रेशन कार्ड, आधार, घरपट्टीची पावती नाहीतर सातबारा, पगाराची स्लिप, आणि रक्कम मोठी असेल तर तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला. आता धाराशिवकडून भिवंडीला यंत्रमागावर आलेला, दहा जणांत खोली घेऊन राहणारा माणूस डोळ्यांपुढं आण. त्याला ओळखणारे सगळे त्याच्यासारखेच भाड्याच्या खोलीतले. घरपट्टीची पावती त्यांच्यापैकी कुणाच्या नावावर असणार? सातबारा गावाकडं, तोही आजोबाच्या नावावर, आणि त्यावर चार चुलत्यांची नावं. पगार हातात रोख, स्लिप कुठून येणार? ऐपतीच्या दाखल्यासाठी बायको गावी जाते, तलाठी रजेवर असतो, ती परत येते, पुन्हा जाते. तेवढ्यात न्यायालयाला सुट्टी लागते. दरम्यान आवाराबाहेर कुणीतरी हळूच विचारतो, ‘जामीनदार पाहिजे का?’ खोट्या रेशन कार्डावर आणि खोट्या पगाराच्या स्लिपांवर भाड्यानं जामीनदार उभे करणाऱ्या टोळ्या मुंबईत पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. आरोपीनं पळू नये म्हणून तू जामीनदार मागतेस, आणि ज्याला आरोपीचं नावसुद्धा धड माहीत नाही असा माणूस पैसे घेऊन सही करून जातो. मग आरोपी पळाला तर तो त्याला कुठून आणणार? ज्या बायकोनं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, तिच्याकडं मात्र तुझ्या कामाचं एकही कागदपत्र नाही म्हणून तिची हमी तुला चालत नाही. आणि खरं सांगायचं तर तो पळून जाऊ नये असं तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाही वाटत नसतं.

जास्त गुन्हे असले तर आणखी कठीण. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं असा एक माणूस आला, ज्याच्यावर वेगवेगळ्या राज्यांत मिळून १३ गुन्हे होते. सगळीकडं जामीन मंजूर होता, पण उरलेल्या ११ प्रकरणांसाठी त्याला २२ जामीनदार हवे होते. आपले अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी विचारलं ते साधंच होतं. जामीन राहायला कोण येतं? नातेवाईक, नाहीतर एखादा जुना मित्र. ही माणसं मोजकीच असतात, आणि माणसावर खटला आहे म्हटल्यावर ती आणखी कमी होतात. एका राज्यातल्या सगळ्या प्रकरणांना तेच जामीनदार चालतील असं त्यांनी ठरवून दिलं. बावीस माणसं जमवायला लग्न नव्हतं, खटले होते, हे तुला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं.

सुटून आलेल्यावरही तुझा हात असतोच. ‘दर सोमवारी ११ ते १ या वेळेत संबंधित पोलीस ठाण्यात हजेरी लावावी.’ ही ओळ मी इतक्या आदेशांत वाचली आहे की ती आता छापूनच ठेवलेली असते की काय असं वाटतं. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्या माणसाला सोमवारी ११ म्हणजे काय ठाऊक आहे? सकाळी ८ ला मुकादम माणसं घेऊन जातो. ११ ला ठाण्यात जायचं म्हणजे दिवस गेला, मजुरी गेली. तिथं साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. वहीवर सही घेणारा हवालदार चार वाजता या म्हणतो. एखाद्या सोमवारी पोर तापानं फणफणलं म्हणून चुकलं, की सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज घेऊन तयार. तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाल्यावरही ही हजेरी कशाला चालू राहते, याचं उत्तर आदेशात कधी सापडत नाही. ती कधी थांबेल, हेही कितीतरी वेळा लिहिलेलं नसतं.

तू म्हणशील, माझ्या चुका दुरुस्त करायला वरची न्यायालयं बसली आहेत. बसली आहेत, खरं आहे. न्यायदंडाधिकाऱ्यानं घातलेली अट बदलायचा किंवा काढून टाकायचा अधिकार सत्र आणि उच्च न्यायालयाला आधीपासून होता, आता तो कलम ४८३ मध्ये आहे. बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये, असं पुढचंच कलम सांगतं आणि ती कमी करायचा अधिकारही वरच्या न्यायालयाला देतं. कायद्यात उणीव नाही. पण ज्याच्या घरी ‘जामीन झाला’ म्हणून देवापुढं साखर ठेवली गेली, त्याला पुढं आणखी एक अर्ज करायचा असतो हे सांगायला कुणी नसतं. पहिल्या वकिलाचे पैसे उसने आणलेले असतात, दुसरा अर्ज म्हणजे दुसरी फी. उच्च न्यायालय मुंबईत, नाहीतर नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात, कोल्हापुरात. या पत्रात मी ज्या दुरुस्त्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेकांमागं एक तरी असा माणूस होता ज्याला दिल्लीपर्यंत जाता आलं, किंवा ज्याच्यासाठी दुसरं कुणी गेलं. राखीच्या आदेशातल्या त्या बाईसाठी नऊ जणी गेल्या. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यासाठी कोण जाणार?

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानं शिक्षा भोगून सुटलेल्या माणसालाही पुढं कित्येक वर्षं अटींच्या देखरेखीखाली राहावं लागतं आणि अट मोडली की परत तुरुंग. जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की अट मोडली म्हणून परत आत पाठवताना मूळ गुन्ह्याबद्दल अद्दल घडवायचा विचार न्यायाधीशाला करता येणार नाही. अट ही शिक्षा नव्हे, हे तिथं शिक्षा झालेल्या माणसाच्या बाबतीत सांगितलं गेलं. आपल्याकडं ज्याच्यावरचा गुन्हाच अजून शाबीत व्हायचा आहे, त्याला तू रोज शिक्षा देते आहेस.

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. पुढच्या वेळी एखाद्या आदेशात बसायला निघशील तेव्हा आधी न्यायाधीशांना तुझ्या बाजूनं एक वाक्य लिहू दे: ही अट नसती तर हा आरोपी पळाला असता, किंवा पुरावा बिघडवला असता, किंवा फिर्यादीला त्रास दिला असता, ते कसं. असं वाक्य लिहिता येत नसेल तर त्या आदेशात तुला जागा नाही. रक्कम लिहायच्या आधी समोरच्या माणसाची रोजची कमाई विचार. जामीनदार मागायच्या आधी त्याचं घर कुठं आहे ते विचार, आणि जातमुचलक्यावर भागत असेल तर तिथंच थांब. हजेरी लावायची असेल तर ती कधी संपणार याची तारीख घाल. फिर्यादी बाईचं नाव तुझ्या ओळीत येत असेल, तर तिच्या दारापासून आरोपीला लांब ठेवण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी ते आणू नकोस. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयानं स्वतःहून अट सैल करायचा विचार करायचा, असं २०२३ च्या त्याच आदेशात सांगून ठेवलेलं आहे. तू त्या महिन्याची वाट बघू नकोस. आठव्या दिवशी माणूस अजून आतच आहे असं दिसलं, तर स्वतः न्यायाधीशांपुढं जाऊन उभी राहा आणि सांग: मला खोडा.